गरज कुणाची, मोजणी कुणाची?

'गरज' हा शब्द आम्ही शाळेत दोन भाषांत वापरतो. उर्दूत तो अरबीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ हेतू, मतलब. एखाद्याला 'खुदगर्ज' म्हटले की तो आपलाच मतलब पाहणारा. मराठीतही शब्द तोच, पण इथे तो निकड झाला. ज्यावाचून माणसाचे अडते ते. सरकारी कागदांत 'लोकांच्या आरोग्यविषयक गरजांचे सर्वेक्षण' असे वाचले की आम्हाला प्रश्न पडतो, यातली गरज मराठी की उर्दू? लोकांचे जिथे अडते ते शोधायला कुणी निघाले आहे, की विचारणाऱ्याचाच काही मतलब आहे?

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. एखाद्या भागातल्या लोकांना कोणते दुखणे जास्त छळते हे कसे ठरवायचे, कुणी ठरवायचे आणि त्या भागाचे आरोग्यधोरण आखताना लोकांना किती बोलू द्यायचे, या प्रश्नाला आपल्या महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासाच्या अगदी सुरुवातीच्या पानांवर मुंबईच्या मदनपुऱ्यातले मोमीन विणकर आहेत. मदनपुरा आपण ओळखतो तो कामगारांची आणि शायरांची वस्ती म्हणून. आरोग्याच्या इतिहासात त्याचे नाव आहे हे आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. तिथे रँड येतो, चापेकर बंधू येतात, पुणे येते. मुंबई येत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली, धान्याच्या गोदामांची दाट वस्ती. आधी उंदीर मेले, मग माणसे. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती; १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले होते. युरोपातल्या बंदरांनी मुंबईचा माल अडवण्याची भाषा सुरू केली तेव्हा सरकार खरे हलले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या हाती प्लेग समितीचा कारभार गेला. लष्करी माणूस, लष्करी रीत. पथके घरात शिरत, रुग्ण शोधत, त्याला उचलून इस्पितळात नेत, घरच्यांना छावणीत ठेवत, अंथरूण-पांघरूण जाळत, भिंतींना चुना फासत. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर 'यू. एच. एच.' ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जात. गल्लीतल्या लोकांना ती वाचता येत नव्हती, पण अर्थ कळत होता.

यात एक मोठी विसंगती होती. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून माणसाला होतो हे त्या वेळी कुणालाच नीट ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये ते दाखवले, पण सर्वमान्य व्हायला आणखी आठ-दहा वर्षे गेली. म्हणजे ज्या उपायांसाठी लोकांचे दरवाजे तोडले गेले त्यांतले बरेचसे वैद्यकीयदृष्ट्याही वाया जाणारे होते. पेटीभर उंदीर शेजारच्या घरात पळाले की चुना फासून काय होणार?

लोक गप्प नव्हते. अर्ज, सभा, वर्तमानपत्रे यांतून ते बोलत होते, फक्त त्याला कुणी 'गरजांची नोंद' म्हणत नव्हते. मुसलमानांच्या तक्रारींत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. पडद्यातल्या बाईला परक्या पुरुषाने काखेत आणि जांघेत हात लावून तपासू नये. आजाऱ्याला आपल्या माणसांपासून तोडू नये, कारण इयादत, म्हणजे आजाऱ्याची विचारपूस, हे आपल्याकडे कर्तव्य आहे. मय्यतीला गुस्ल आणि जनाजाची नमाज मिळावी. यातली एकही मागणी 'आम्हाला उपचार नकोत' अशी नव्हती. उपचार कसे हवेत हे लोक सांगत होते. दप्तरात मात्र ते 'विरोध' म्हणून नोंदले गेले.

अफवाही होत्या. इस्पितळात रुग्णाला उलटे टांगून त्याच्या अंगातली 'मोमियाई' काढतात, असे मुंबईभर बोलले जाई. मोमियाई हा शब्द आमच्या उर्दू वाचकांना नवा नाही. युनानीत मोडलेल्या हाडावर देतात ते शिलाजितासारखे काळे औषध. हकिमाच्या डबीतला हा शब्द गोऱ्या डॉक्टराच्या इस्पितळावर जाऊन बसला. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, त्यामागे अशीच भीती होती. तेव्हाचे इंग्रज लेखक हा सारा अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेतात. आम्हाला ते पटत नाही. इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नव्हता, आत काय चालते ते नातलगांना दिसत नव्हते. यावरून लोकांनी जो निष्कर्ष काढला तो चुकीचा होता, पण ज्या प्रश्नावरून काढला तो प्रश्न खरा होता.

मग ९ मार्च १८९८. मदनपुऱ्यात जुलाह्यांच्या घरातली एक आजारी मुलगी इस्पितळात नेण्यासाठी पथक आले. घरच्यांनी नकार दिला. गल्ली जमली. पाहता पाहता दंगल झाली, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. दोन गोरे शिपाईही जमावाच्या हातून मारले गेले. पाठोपाठ गोदी कामगार आणि गाडीवाल्यांनी काम बंद ठेवले आणि बंदराचा व्यवहार अडला. हे जुलाहे म्हणजे उत्तर हिंदुस्थानातून, विशेषतः १८५७ च्या उठावानंतरच्या काळात, हातमाग घेऊन आलेले विणकर. त्यांचेच भाऊबंद भिवंडीत आणि मालेगावात उतरले. मालेगावचा उल्लेख पुढे येणार आहे, म्हणून हे नाते इथेच सांगून ठेवतो.

दंगल ही काही लोकसहभागाची रीत नव्हे आणि तिचा गौरव करण्याचा आमचा विचार नाही. पण तिच्यानंतर काय झाले ते पाहिले पाहिजे. गॅटेकरनंतर समितीची सूत्रे जेम्स कॅम्बेल यांच्याकडे आली होती. हेच मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक. जाती-जमातींच्या चालीरीती लिहून काढण्यात हयात घातलेला माणूस. लोकांशी बोलून काम करावे, हा त्यांचा कल होता. जमातींना आपापली प्लेग इस्पितळे उघडायला उत्तेजन मिळाले. पारशी, हिंदू, मुसलमान, त्यातही खोजा, मेमन अशी वेगवेगळी इस्पितळे उभी राहिली. तिथे आपले जेवण, आपली माणसे, आपला नमाजी शेजारी. १८९८ च्या मध्यापर्यंत घरझडतीची सक्ती सैल झाली आणि काम पुन्हा महापालिकेकडे आले. पुढे फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगानेही जबरदस्तीने लोक रुग्ण लपवतात आणि रोग अधिक पसरतो हे मान्य केले. मदनपुऱ्याच्या विणकरांना हे दोन वर्षे आधीच कळले होते.

लसीची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्यात स्वतःवर लस टोचून घेतली. तिसरे आगाखान तेव्हा जेमतेम १९ वर्षांचे होते. त्यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली आणि आपल्या मुरीदांच्या देखत स्वतः लस टोचून घेतली. हजारो खोजांनी त्यांच्या मागोमाग दंड पुढे केला. एकाच शहरात, एकाच साथीत, एकीकडे संगिनी लावूनही लोक ऐकत नव्हते आणि दुसरीकडे विश्वासाच्या एका माणसामुळे रांग लागत होती.

तरीही इथे एक सावधगिरीची गोष्ट नमूद केली पाहिजे. जमातवार इस्पितळे उघडली ती जमातीच्या शेठजींनी. सरकारशी बोलणी केली तीही त्यांनीच. मदनपुऱ्याच्या मागावर बसणारा माणूस त्या बैठकांत नव्हता आणि त्याची बायको तर नव्हतीच. पुढाऱ्याला विचारले म्हणजे समाजाला विचारले, ही समजूत तेव्हापासून आजपर्यंत चालत आली आहे. ती सरकारला सोयीची असते आणि पुढाऱ्यालाही.

नंतरच्या चाळीस वर्षांत मोजणी पुष्कळ झाली, विचारणे फारसे झाले नाही. १९३८ मध्ये काँग्रेसने राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. तिच्या आरोग्य उपसमितीचे अध्यक्ष होते परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल साहिबसिंग सोखे. दर हजार वस्तीमागे गावातलाच एक शिकवून तयार केलेला आरोग्यसेवक, अशी कल्पना या उपसमितीने मांडली. १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांची समिती बसली. हे भोर मूळचे नाशिकचे, मराठी ख्रिस्ती घराण्यातले, डेक्कन कॉलेजात शिकलेले. १९४६ च्या त्यांच्या अहवालातले आकडे आजही अंगावर येतात. ब्रिटिश हिंदुस्थानात ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे दहा वर्षांखालच्या मुलांचे. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, हे या अहवालाचे मूळ सूत्र. गावोगाव पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी, असेही त्यात होते. प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली, कमी निघाली पण निघाली. गावची समिती मात्र अहवालातच राहिली. इमारत बांधता येते, तिच्या उद्घाटनाचा फोटो काढता येतो. समितीचा काय फोटो काढणार?

ती गोष्ट प्रत्यक्षात यायला जामखेड लागले.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला आले. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या पडक्या जागेत त्यांनी काम सुरू केले. डोक्यात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण होते, लसीकरण, कुटुंबनियोजन, बालआरोग्य अशी यादी होती. गावांत बसून लोकांना विचारले तेव्हा लोकांनी वेगळीच यादी दिली. पहिले पाणी, दुसरे अन्न. दुष्काळाचे दिवस जवळ येत होते. दुसरा एखादा डॉक्टर म्हणाला असता, की पाणी आणि अन्न हे माझ्या खात्यात येत नाही. आरोळे यांनी विहिरी खोदण्यापासून सुरुवात केली. बोअर कुठे घ्यायची हे ठरवताना ती दलित वस्तीत घेतली, म्हणजे पाणी हवे असेल तर सवर्णांनाही तिथेच यावे लागेल. रोगाचे मूळ शोधत गेले की ते कधी जंतूपाशी सापडते आणि कधी पाणवठ्यावरच्या जातीपाशी. पाणी आल्यावर जुलाब कमी झाले, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट परिचारिकांची. शिकलेली नर्स गावात पाठवली तर गाव तिचे ऐकेना आणि तिलाही गावात एकटे राहणे जमेना. त्यातून गावातल्याच एका बाईला शिकवावे, ही वाट निघाली. गावाने निवडलेली, बहुधा निरक्षर, अनेकदा दलित, पुष्कळदा नवऱ्याने टाकलेली. काही काळाने याच बाया बाळंतपणे करू लागल्या, पोरांची वजने घेऊ लागल्या, कोणत्या घरात कोण खोकते ते सांगू लागल्या. त्यांना सर्वेक्षणाचा तक्ता लागत नव्हता, कारण घर न् घर पाठ होते. १९७१ मध्ये त्या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती. वीसेक वर्षांत तो आकडा विसाच्या घरात आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडचा अनुभव १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात छापला गेला आणि त्याची चर्चा दूरवर गेली. १९७८ च्या सप्टेंबरात सोव्हिएत कझाकस्तानातल्या आल्मा-आता शहरी जगभरच्या देशांची परिषद भरली. 'अता' म्हणजे बाप, 'आल्मा' म्हणजे सफरचंद; तुर्की वळणाचे हे शब्द उर्दूवाल्याला परके वाटत नाहीत, अतातुर्क आपण वाचलेले असतात. सफरचंदांच्या त्या गावात जो जाहीरनामा झाला त्यात एक कलम होते: आपल्या आरोग्यसेवेचे नियोजन आणि अंमलबजावणी यांत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. म्हणजे मदनपुऱ्यात ज्याला विरोध म्हटले गेले त्याला आता जगाने हक्क म्हटले. भारताने त्याआधी वर्षभर, २ ऑक्टोबर १९७७ रोजी, हजार वस्तीमागे एक आरोग्यसेवक नेमण्याची योजना सुरू केलीच होती. तीन महिन्यांचे शिक्षण, महिना ५० रुपये मानधन. पण जामखेडने बाई निवडली होती आणि योजनेत बहुतेक ठिकाणी पुरुष निवडले गेले, तेही सरपंचाच्या मर्जीतले. बीज तेच, पण माती न पाहता पेरले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास काम सुरू केले. आदिवासींत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, हे त्यांनी आधी शोधून काढले. शास्त्राच्या दृष्टीने शोध महत्त्वाचा होता, पण लोकांना ती आपली निकड वाटली नाही. हे बंग यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. लोकांनी सांगितली ती दारू. त्या आंदोलनातून १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आली. इस्पितळ कसे हवे हे विचारले तेव्हा लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, झोपड्यांसारखे हवे, रुग्णाजवळ नातलगांना राहता आले पाहिजे. तसेच बांधले गेले. नातलगांना राहू द्या! मुंबईच्या अर्जांतली मागणी नव्वद-पंचाण्णव वर्षांनी गडचिरोलीच्या जंगलात मंजूर झाली.

राणीताईंचे काम आम्हाला याहूनही मोलाचे वाटते. त्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते आणि त्यांतल्या जेमतेम ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी अशी तपासणी झालेली होती. तोवर सरकारच्या लेखी बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. बाकीचे दुखणे आकडेवारीत नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते. आणि विचारायला बाई गेली नसती तर कुणी सांगितलेही नसते.

आता आपल्या समाजाकडे येऊ.

२००० नंतरच्या दशकात उत्तर प्रदेशात पोलिओ हटेना आणि रुग्णांत मुसलमान मुलांचे प्रमाण मोठे होते. डोसाने मूल पुढे वांझ होते, ही अफवा होती. मोमियाईचीच धाकटी बहीण. तिच्यावर उपाय म्हणून अलिगढ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्द या विद्यापीठांची माणसे मोहल्ल्यांत गेली, मशिदींतून एलान झाले, उलेमांनी आपल्या नातवंडांना डोस पाजला. पण अफवेखाली आणखी एक बोल होता, तो हळूहळू ऐकू आला. लोक म्हणत, दर महिन्याला थेंब घेऊन दारात येता. गटार तुंबले आहे, पोर जुलाबाने मेले, तेव्हा कुठे असता? २००९ मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या १०७ गटांसाठी जी योजना झाली तिच्यात थेंबांबरोबर स्वच्छता, जुलाबावरचे उपचार आणि नियमित लसीकरण आले. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला. या यशात लसीचा वाटा आहेच, पण त्या कुरबुरीचाही आहे.

२००६ च्या नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल आला. त्यातले शिक्षण आणि नोकऱ्यांचे आकडे आपण भाषणांत पुष्कळ ऐकले. आरोग्यावरचे फारसे कुणी वाचले नाही. मुसलमानांत अर्भकमृत्यू देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे, गरिबी पाहता हे कोडेच आहे, असे त्यात नोंदले आहे. आणि ज्या गावांत मुसलमानांची वस्ती जास्त, त्या गावांत दवाखान्यासारख्या सोयी कमी, असेही आहे. एका वाक्यात समाजाची शाबासकी, दुसऱ्यात सरकारची हजेरी. आपल्याकडे दोन्ही वाक्यांवर चर्चा व्हायला हवी होती.

सच्चरनंतर २००८-०९ मध्ये अल्पसंख्याक बहुल अशा ९० जिल्ह्यांसाठी विकास कार्यक्रम आला. त्यात एक चांगली गोष्ट होती: प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा करण्याआधी तिथे पाहणी करून काय कमी आहे ते मोजायचे. महाराष्ट्रातले परभणी, बुलढाणा, वाशिम आणि हिंगोली हे जिल्हे त्यात होते. पण मोजणीचे एकक होते जिल्हा. मालेगाव आहे नाशिक जिल्ह्यात, भिवंडी ठाण्यात, आणि नाशिक किंवा ठाणे हे जिल्हे अल्पसंख्याक बहुल ठरत नव्हते. म्हणजे राज्यातली मुसलमान विणकरांची सर्वांत मोठी दोन शहरे, अल्पसंख्याकांच्याच योजनेतून, हिशेबाच्या रेघेमुळे बाहेर राहिली. १२ व्या पंचवार्षिक योजनेत एकक बदलून तालुक्याएवढे गट आणि शहरे असे केले गेले. चूक दुरुस्त झाली हे खरे. पण तोवर पाच वर्षे गेली. किती मोठा चौकोन आखून मोजायचे हे ठरवणारा माणूस, कोण दिसेल आणि कोण दिसणार नाही, हेही ठरवून टाकतो.

तक्त्यातल्या रकान्यांचेही तेच. शिक्षक म्हणून अशा पाहण्यांची कामे आमच्या वाट्याला येतातच. शिरगणती, शाळाबाह्य मुले, साथीचे रुग्ण. घरात माणसे किती, ताप आहे का, मधुमेह आहे का, इतके विचारायचे आणि पुढच्या दारी जायचे. यंत्रमागाच्या वस्तीतली मुले वर्गात ओरडून बोलतात. आम्ही नवे असताना त्याला बेशिस्त समजणारे सहकारी होते. पण घरात दिवसरात्र माग खडखडत असेल तर हळू बोलून कुणाला ऐकू जाणार? त्यांच्या वडिलांना कमी ऐकू येते, आजोबांना दम लागतो. ऐकू येते का, असा रकाना आम्ही भरलेल्या एकाही तक्त्यात नव्हता. आणि 'तुम्हाला काय हवे आहे' असा तर नव्हताच. एका घरात एका आजीने आम्हाला विचारले, "बेटा, हे सगळे लिहून नेतोस, मग सांगायला कधी येणार?" त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते, कारण माहिती परत नेऊन लोकांना दाखवायची, ही पायरी त्या कामात धरलेलीच नव्हती.

ती पायरी जिथे धरली गेली असा एक प्रयोग आपल्याच राज्यात झाला आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले. त्यातून २००७ मध्ये देशातल्या नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांत. गावातल्या लोकांनीच आपल्या आरोग्य केंद्राला गुण द्यायचे. हिरवा म्हणजे चांगले, पिवळा म्हणजे बरे, लाल म्हणजे वाईट. तक्ता गावात लावायचा आणि मग जनसुनवाईत डॉक्टर व अधिकाऱ्यांसमोर बोलायचे. डॉक्टर हजर नसतो, औषध बाहेरून आणायला सांगतात, फुकटच्या सेवेला पैसे घेतात, अशा तक्रारी भर सभेत आल्या आणि अनेक ठिकाणी सुधारणाही झाली. मोठे धोरण म्हणतात ते कधी कधी एवढेच असते.

शहरांसाठी अभियान आले ते २०१३ मध्ये. त्यात ५० ते १०० घरांमागे महिला आरोग्य समितीची तरतूद आहे, तिला वर्षाला ५,००० रुपये मिळतात आणि ते कशावर खर्च करायचे ते बायांनी ठरवायचे. रक्कम लहान आहे, अधिकार लहान नाही. आपल्या किती मोहल्ल्यांत या समित्या आहेत, त्यात कोण बाया आहेत, त्या बसतात का, हे आपल्या अंजुमनांनी आणि तंजीमांनी विचारले पाहिजे. आपल्याकडे रक्तदान शिबिरे होतात, मोफत चष्मे वाटले जातात, उद्घाटनाला आमदार येतात. वाईट काही नाही. पण शिबिर कशाचे घ्यायचे ते शिबिराआधी मोहल्ल्यातल्या बायांना कुणी विचारलेले आम्ही अजून पाहिले नाही. शेठजींची ती बैठक अजून चालूच आहे.

२०२० च्या एप्रिलमध्ये मालेगावात करोनाची साथ पसरली तेव्हा खासगी दवाखाने बंद झाले. मधुमेह, रक्तदाब, दम्याचे रुग्ण औषधावाचून राहिले. सरकारी आकड्यांत करोनाचे मृत्यू थोडे दिसत होते आणि शहरात मात्र घराघरांतून जनाजे निघत होते. तफावत पहिल्यांदा उघडी पडली ती बडा कब्रस्तानच्या दफनांच्या नोंदीवरून. आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहिले तेव्हा. मग दवाखाने उघडण्यासाठी दबाव आला, डॉक्टरांशी बोलणी झाली, ते पुन्हा बसू लागले. मुंबईत प्लेगच्या काळी पालिकेचे कारकून स्मशानांच्या आणि कब्रस्तानांच्या दारात बसून मृत्यूंची नोंद करीत. शहराला साथीचा अंदाज त्यावरूनच येई. मालेगावात ती वही आपल्याच माणसांच्या हातात होती.

आमच्या गावच्या कब्रस्तानाच्या रजिस्टरात नाव, वडिलांचे नाव, मोहल्ला आणि तारीख एवढेच असायचे. दोन वर्षांपूर्वी विश्वस्तांशी बोलून वय, धंदा आणि मौतीचे कारण हे तीन रकाने वाढवून घेतले. कारणाच्या रकान्यात बहुधा 'बुखार', 'हार्ट' किंवा 'साँस' असे लिहिलेले असते, कधी नुसतेच 'अल्लाह की मर्जी'. लूमवर काम केलेल्यांच्या पुढे 'साँस' जास्त वेळा दिसतो. पण तेवढ्यावरून काही म्हणायला अजून पाने थोडी आहेत, आणि बायांच्या पुढे धंद्याचा रकाना अजून कोराच सोडला जातो.